नाव कोणाचं लिहायचं?

“इन्हें घर ले जाइए, सेवा कीजिए.” इंदूरच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात, अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभं राहून हे वाक्य ऐकलेली माणसं बुऱ्हाणपुरात गल्लोगल्ली भेटतील. पेशंट उलट दिशेला, भुसावळला किंवा जळगावला नेलेला असेल तर तेच मराठीत कानावर येतं: आता घरी न्या, सेवा करा. डॉक्टर काय सांगतो आहे ते ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. पुढे कोणी काही विचारत नाही. काउंटरवर बिलाचा हिशोब होतो आणि एक कागद पुढे सरकवला जातो. नातेवाईक वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर पेशंटला नेत आहेत, असं त्यावर छापलेलं असतं. न्या म्हणून सांगितलं डॉक्टरनंच, आणि सही करायची ती ‘आम्ही ऐकलं नाही’ अशी! थोरला मुलगा सही करतो. वाचण्याइतकं भान त्याला नसतं.

मग ॲम्ब्युलन्स. इंदूर ते बुऱ्हाणपूर जवळजवळ एकशेऐंशी किलोमीटर, वाटेत सिमरोलचा घाट. आत ऑक्सिजनचा सिलिंडर आणि घशातल्या नळीला लावलेला फुगा हाताने दाबत बसलेला एखादा पोऱ्या. घरी तोवर निरोप गेलेला असतो, बायकांनी जमीन पुसून जागा केलेली असते. पेशंटला खाली घेतात, नळी निघते, तोंडात गंगाजल आणि तुळशीपत्र पडतं. दोन गल्ल्या पलीकडच्या मोमिनाच्या घरात झमझमचं पाणी असतं आणि कोणीतरी यासीन वाचत असतं. गावाला एवढंच दिसतं की म्हातारं माणूस आपल्या घरी, आपल्या माणसांत गेलं.

याला वाईट मरण म्हणायची माझी तयारी नाही. अतिदक्षता विभागात भेटीच्या वेळेची वाट पाहत काचेपलीकडे गेलेल्या कितीतरी मरणांपेक्षा ते बरं आहे. खटकतं ते निराळं. एवढा मोठा निर्णय झाला, पण तो घेतला कोणी? डॉक्टर म्हणेल, नातेवाईक घेऊन गेले. नातेवाईक म्हणतील, डॉक्टरांनीच सांगितलं. ज्याचा जीव, त्याला कोणी विचारलं नव्हतं. तो बोलता होता तेव्हाही नाही. आणि पुढची दहा वर्षं त्या सहीचं ओझं वाहतो तो थोरला मुलगा. दिवस-कार्याला जमलेल्यांपैकी कोणीतरी सहज म्हणून जातं, “अजून चार दिवस ठेवायला हवं होतं.”

आमचं गाव तसं मरणांच्या बाबतीत अनुभवी आहे. जहांगिराचा मुलगा परवेझ १६२६ साली इथेच गेला. पुरंदरच्या तहामुळे मराठी पोराटोरांना ठाऊक असलेला मिर्झाराजा जयसिंग १६६७ साली इथेच गेला. त्याची छत्री अजून गावाबाहेर उभी आहे. आणि १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल गेली. तिचा देह आधी तापीपलीकडच्या जैनाबादच्या बागेत ठेवला आणि डिसेंबरात आग्र्याला हलवला. गावात येणाऱ्या पाहुण्याला शाही किल्ला दाखवताना आम्ही पुढची गोष्ट हमखास सांगतो: शेवटच्या घटकेला तिने बादशहाकडून वचनं घेतली आणि त्याने ती पाळली. ही वचनं बहुधा नंतर कोणीतरी रचलेली असावीत. पण ती इतकी आवडीने का सांगितली जातात ते पाहण्यासारखं आहे. मरणाऱ्याने इच्छा बोलून दाखवली, एका माणसाला सांगितली, त्या माणसाने ती पुरी केली, एवढाच त्या गोष्टीचा ऐवज. आणि इच्छा सगळ्या मरणानंतरच्या.

तिथे आपण आजही मोकळे आहोत. मला राजघाटावरच न्या, दिवस दहाच करा, डोळे दान करा, देह मेडिकल कॉलेजला द्या, तेराव्याला गावजेवण घालू नका, हे सगळं बुऱ्हाणपुरातली म्हातारी माणसं चहा पिता पिता सांगतात. घर कोणाला, केळीचं वावर कोणाला, हेही मृत्युपत्रात लिहून ठेवतात. मरणाच्या अलीकडचे पंधरा दिवस तेवढे कोणी बोलत नाही. नळी घालायची का, डायलिसिसवर किती ठेवायचं, छाती दाबून हृदय पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करायचा का, याबद्दल सगळीकडे शुकशुकाट. पूर्वी बोलायची गरजही नव्हती. मुमताजच्या उशाशी दरबारातले उत्तमातले हकीम असणार, पण मरण लांबवण्याचं यंत्र त्यांच्यापाशी नव्हतं. आता ते जिल्ह्याच्या गावापर्यंत पोचलं आहे. कोविडच्या दोन वर्षांत व्हेंटिलेटर हा शब्द लूम चालवणाऱ्यापासून केळीचे घड वाहणाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसला.

कायद्याने हा प्रश्न हाती घेतला तो मुंबईतून, आणि बराच उशिरा. मिनू मसानी यांनी १९८१ साली मुंबईत सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली. १९८५ साली प्रा. सदानंद वर्दे यांनी महाराष्ट्राच्या विधान परिषदेत या विषयावर विधेयक आणलं. ते पुढे गेलं नाही. १९८६ साली मारुती दुबळ या पोलीस शिपायाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. पी. बी. सावंत यांनी आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारं कलमच घटनाबाह्य ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ती वाट बंद केली. या सगळ्यात आत्महत्या, दयामरण आणि उपचार थांबवणं यांची अशी सरमिसळ झाली की सामान्य माणसाच्या डोक्यात ती अजून सुटलेली नाही. म्हणून एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. इंजेक्शन देऊन जीव घेणं भारतात गुन्हा होता आणि आहे. इथे प्रश्न फक्त एवढाच आहे की ज्याने बरं वाटण्याची शक्यता उरलेली नाही असा उपचार चालू ठेवायचा का, सुरू करायचा का.

अरुणा शानभाग यांचं प्रकरण मराठी वाचकाला नव्याने सांगायची गरज नाही. केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ ला हल्ला झाला आणि १८ मे २०१५ ला मृत्यू येईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात, भान हरपलेल्या अवस्थेत होत्या. ७ मार्च २०११ चा निकाल लोकांच्या लक्षात राहिला तो निष्क्रिय दयामरणाला वाट करून दिली म्हणून. मला त्यातला दुसराच भाग जास्त मोलाचा वाटतो. अरुणा यांचं अन्न थांबवावं अशी मागणी पत्रकार-लेखिका पिंकी विराणी यांनी केली होती. त्यांनी अरुणा यांच्यावर पुस्तक लिहिलं होतं आणि त्यांच्या कळकळीबद्दल न्यायालयाने आदरच दाखवला. पण अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावर न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांकडे बोट दाखवलं. ज्यांनी सदतीस वर्षं तिला भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं, पाठीला व्रण होऊ दिले नाहीत, त्यांचा. त्या परिचारिकांचं म्हणणं होतं की तिला जगू द्या. त्यांचं मत पटो न पटो, ते मत मांडायची जागा त्यांची आहे, हे न्यायालयाने मान्य केलं.

आता हा न्याय आपल्या घरात लावून पाहा. समजा, शनवाऱ्यातल्या एका घरात ब्याऐंशी वर्षांचे अप्पा आहेत. दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेले. थोरला मुलगा घरीच असतो, लूमचा धंदा बघतो. धाकटा पुण्यात, मुलगी इंदूरला दिलेली. अप्पांचं अंथरूण बदलते, त्यांना पेज भरवते, रात्री हाकेला उठते ती थोरली सून. त्यांना कोणत्या कुशीवर बरं वाटतं, वेदना लपवताना ते कसे ओठ चावतात, मध्येच शुद्धीत आल्यावर “आता पुरे गं” असं किती वेळा म्हणतात, हे त्या घरात फक्त तिला ठाऊक. अप्पांना मोठा झटका येतो, जळगावला नेतात, नळी घालतात. आठव्या दिवशी डॉक्टर नातेवाइकांना आत बोलावतात. आत कोण जातं? दोन्ही मुलगे, इंदूरचे जावई, आणि भाऊकीतला एखादा जाणता काका. सून बाहेर डबा घेऊन बसलेली असते.

आणि आतल्या चर्चेत सगळ्यात मोठा आवाज असतो तो रात्रीच्या गाडीने पुण्याहून आलेल्याचा. काहीही करा साहेब, पैशाकडे बघू नका. १९९१ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात या पाहुण्याचं वर्णन केलं आणि त्याला नावही दिलं: कॅलिफोर्नियाहून आलेली मुलगी. ती दूर राहते, आजारात फिरकलेली नसते, शेवटच्या आठवड्यात येते आणि जवळच्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवलेलं सगळं उधळून लावते. आपल्याकडे तिच्या जागी पुण्याचा मुलगा येतो, कधी न्यू जर्सीचा, आणि आता तो व्हिडिओ कॉलवरही येतो. त्याची टर उडवावी असं मला वाटत नाही. चार दिवस उशिरा पोचल्याची बोच त्याला असते आणि ती फेडायला त्याच्याजवळ पैशाखेरीज काही नसतं. पण त्या बोचीची किंमत अप्पांच्या शरीरातून वसूल होते.

९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि पुढच्या आजारपणासाठी आधीच सूचना लिहून ठेवण्याला, म्हणजे वैद्यकीय इच्छापत्राला, मान्यता दिली. मान्यता दिली आणि सोबत इतक्या अटी घातल्या की कागद कोणाला करताच येऊ नये. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी ही त्यातली एक. आमच्याकडे कोर्टाची पायरी चढायची नाही असं शपथेवर सांगणारी माणसं आहेत. तीही मरणाच्या कागदासाठी? अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने अर्ज केला आणि २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयाने अटी सैल केल्या. आता कागदावर दोन साक्षीदारांसमोर सही करायची, ते शक्यतो घराबाहेरचे असावेत. नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर तो साक्षांकित करायचा. एक प्रत घरच्यांना, एक घरच्या डॉक्टरला, एक महापालिकेत किंवा पंचायतीत नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. कधीही रद्द करता येतो, बदलता येतो. आणि करणारा शुद्धीवर, निर्णय घ्यायला समर्थ असेपर्यंत तो लागूच होत नाही. तुम्ही बोलू शकता तोवर कागद मुका.

लागू करतानाही रुग्णालय एकटं काही ठरवू शकत नाही. उपचार करणारा डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ, निदान पाच वर्षांच्या अनुभवाचे, असं पहिलं मंडळ. त्यावर तिघांचं दुसरं मंडळ, त्यात मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला एक डॉक्टर. प्रत्येकाने शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यायचं. दोघांचं एकमत झालं की न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचं आणि मग उपचार थांबवायचे. मतभेद झाला तर उच्च न्यायालय आहेच. इंदूर-मुंबईत हे जमेल. जिल्ह्याच्या गावात, जिथे एकेका विषयाचा तज्ज्ञ आठवड्यातून ठरावीक वारी येतो, तिथे सहा जण दोन दिवसांत कुठून जमवायचे? “घर ले जाइए” हे वाक्य चालतं त्याचं अर्धं कारण इथे आहे. ते सोपं पडतं. त्याला मंडळ लागत नाही.

महाराष्ट्रात गाडी पुढे सरकली ती एका डॉक्टरच्या चिवटपणामुळे. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचं इच्छापत्र केलं आणि ते द्यायचं कोणाकडे, असा प्रश्न घेऊन थेट मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्यानंतर २०२४ साली राज्यातल्या स्थानिक संस्थांमध्ये हे कागद सांभाळणारे चारशेहून अधिक अभिरक्षक नेमल्याचं सरकारने सांगितलं. गोव्यात तर ३१ मे २०२४ ला उच्च न्यायालयाचे विद्यमान न्यायमूर्ती महेश सोनक यांनीच आपलं इच्छापत्र नोंदवलं. त्यांच्या पाठोपाठ एका डॉक्टरांनी. कर्नाटकाने जानेवारी २०२५ मध्ये परिपत्रक काढून आपल्या रुग्णालयांना वाट आखून दिली. संसदेने या विषयावर कायदा केलेला नाही, पण न्यायालयाचा निकाल इच्छापूर-मुक्ताईनगरच्या हद्दीवर थांबत नाही. बुऱ्हाणपूरच्या महापालिकेत दिलेली प्रत जळगावच्या अतिदक्षता विभागातही तितकीच खरी. व्यवहारात मात्र ती तिथे पोचायला हवी, आणि कागद स्वतःच्या पायांनी चालत नाही.

इच्छापत्र या कल्पनेचे टीकाकारही आहेत, आणि त्यातले सगळ्यात धारदार कोणी धर्ममार्तंड नव्हते. १९६९ साली शिकागोच्या लुई कुटनर या वकिलाने ही कल्पना मांडली. पस्तीस वर्षांनी, २००४ मध्ये, अँजेला फॅगर्लिन आणि कार्ल श्नायडर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी तिचा हिशोब मांडला आणि ती फसली असं सरळ लिहिलं. लोक असा कागद करत नाहीत. करणाऱ्यांना पुढे आपल्याला काय हवं असेल ते आज कळत नाही. कळलं तरी ते नेमकं लिहिता येत नाही. लिहिलं तरी कागद वेळेवर खाटेपाशी पोचत नाही. मला हा हिशोब पटतो. धडधाकट माणसाने बैठकीत बसून ‘मला नळी नको’ असं लिहिणं आणि दम लागलेल्या रात्री ती नळी नाकारणं यांत फार अंतर आहे. न्यूमोनिया झालेल्या पन्नाशीच्या माणसाला तीन दिवस व्हेंटिलेटर लावला तर तो चालत घरी येतो. तोच व्हेंटिलेटर शेवटच्या टप्प्यातल्या कर्करोगात फक्त तारीख पुढे ढकलतो. यंत्रांची यादी करून ‘हे नको, ते नको’ लिहिणाऱ्याला हा फरक लिहिता येत नाही.

मग या दोघांनी सुचवलं काय? यादी सोडा, माणूस नेमा. आपल्या वतीने कोण बोलेल त्याचं नाव लिहा. २०२३ च्या निकालानंतरच्या आपल्या कागदातही ही जागा आहे: पालक किंवा जवळचा नातेवाईक, आणि आता एकाहून अधिकही चालतात. माझ्या मते तो अख्खा कागद त्या एका ओळीसाठी करायचा असतो. बाकी सगळी कलमं वकील लिहून देईल.

यावर लगेच कोणी म्हणेल, नावाचं काय घेऊन बसलात, पोटच्या पोरांना बापाचं मन कळत नाही का? कमी कळतं. रुग्णाला आणि नातेवाइकाला वेगवेगळं बसवून, अमुक अवस्थेत तुम्हाला किंवा त्यांना काय हवं असेल, असं विचारणारे पुष्कळ अभ्यास अमेरिकेत झाले. २००६ मध्ये ते सगळे एकत्र तपासले तेव्हा नातेवाइकाचं उत्तर रुग्णाच्या उत्तराशी साधारण ६८ टक्के वेळा जुळलं. म्हणजे तीनातला एक अंदाज चुकीचा. आणि हे शांतपणे, खुर्चीत बसून दिलेलं उत्तर. रात्री दोन वाजता रुग्णालयाच्या जिन्यात काय होत असेल? म्हणून नुसतं नाव लिहून भागत नाही. ज्याचं नाव लिहिलं त्याच्याशी बोलावं लागतं. यंत्रांबद्दल नव्हे, जगण्याबद्दल. कोणती अवस्था आली तर मला जगणं जगणं वाटणार नाही? माणसं ओळखू येईनाशी झाली तर? घास गिळता येईना तर? का काहीही होवो, नातीचं लग्न होईपर्यंत मला ओढा? हेही उत्तर असू शकतं, आणि ते तितकंच मान्य करावं लागेल. ‘सगळं करा’ ही इच्छाही लिहून ठेवता येते, हे या विषयावर व्याख्यानं देणारे सहसा सांगत नाहीत.

महाराष्ट्रात हा विषय निघाला की दोन नावं हटकून येतात. सावरकरांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये अन्नपाणी आणि औषध सोडलं आणि २६ तारखेला देह ठेवला. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला हृदयविकाराच्या झटक्यानंतर औषध-अन्न नाकारलं. इंदिरा गांधी जाऊन भेटल्या तरी ते बधले नाहीत, १५ तारखेला गेले. दोघांच्या भक्तांचं एरवी जमत नाही, पण इथे दोघे एकाच रांगेत. मला मात्र ही उदाहरणं आपल्या कामाची वाटत नाहीत. ते दोघे शेवटपर्यंत आपल्या तोंडाने नाही म्हणू शकत होते. शुद्धीवरच्या माणसाला उपचार नाकारायचा हक्क आहेच, त्यासाठी इच्छापत्र लागत नाही. लागतं ते ज्याला तोंड मिटता येत नाही त्याला, कारण तोंडात नळी आहे. तिथे मनोनिग्रहाचा काही उपयोग नाही. तिथे बाहेर डबा घेऊन बसलेलं माणूस हवं.

एक आक्षेप मात्र खरोखर जड आहे. बुऱ्हाणपुरातल्या बहुसंख्य घरांची अडचण जास्त उपचाराची नाहीच, उपचार न मिळण्याची आहे. लूमवरच्या कामगाराला किंवा केळीच्या वाफ्यात रोजाने जाणाऱ्या बाईला ‘सन्मानाने मरण्याचा हक्क’ सांगायला गेलं तर ती म्हणेल, आधी जगायचं बघा. असा कागद उद्या खाट रिकामी करायचं निमित्त होईल, ही भीती खोटी नाही. दोन मंडळं आणि न्यायदंडाधिकाऱ्याला द्यायची सूचना ही कटकट असली तरी गरिबाच्या बाजूने ती एक आडकाठीही आहे, म्हणून ती पूर्ण काढून टाका म्हणणाऱ्यांत मी नाही. पण गरिबाला खरा मार बसतो तो दुसरीकडे. आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत रुग्णालयातला उपचार होतो, २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांनाच. घरी अंथरुणावर चाललेल्या सेवेला ते कार्ड चालत नाही. परिणाम असा की घरी नेलं तर वेदनेवर औषध नाही आणि रुग्णालयात ठेवलं तर यंत्रं आहेत. ‘घरी नेऊन सेवा करा’ म्हणणाऱ्याने सेवेचं सामान दिलेलं नसतं.

ते सामान काही महागडं नाही. कर्करोगाच्या शेवटच्या वेदनेवर मॉर्फिन हे जुनं, स्वस्त औषध आहे. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याने ते इतकं जखडलं की दुकानदार आणि डॉक्टर दोघेही हात लावेनात. २०१४ मध्ये दुरुस्ती होऊनही गावोगाव ती भीती गेलेली नाही. केरळात १९९३ साली कालिकतला दोन-चार डॉक्टरांनी आणि स्वयंसेवकांनी सुरू केलेलं वेदनाशमनाचं काम पुढे पंचायतींपर्यंत पोचलं. परिचारिका घरी येते, व्रण धुते, गोळ्या देते, घरच्या बाईला कसं वळवायचं ते शिकवते. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून. बुऱ्हाणपूरच्या सुनेला हवी आहे ती आठवड्यातून दोनदा दार वाजवणारी अशी एक परिचारिका. ती आली तर निम्मे पेशंट इंदूरला जाणारच नाहीत, असा माझा अंदाज आहे.

अगदी शेवटच्या दिवसांबद्दल घरच्यांना कोणी काही समजावून सांगत नाही, हीही एक उणीव. माणूस खायचा थांबला की आपण हबकतो, उपाशी मारतोय असं वाटतं आणि नाकातून नळीचा आग्रह धरतो. खरं तर शरीर बंद पडू लागलं की भूकच जाते. बळेच घातलेलं अन्न छातीत जाऊन त्रास वाढवतं. ओठ, जीभ ओली ठेवावी, एवढं पुरतं. तोंडात पाण्याचे दोन थेंब घालायची आपली रीत धर्माच्या नावाने आली, पण तिथे शुश्रूषाही तेवढंच सांगते. घशातून घरघर येते ती आपल्याला ऐकवत नाही, त्या माणसाला बहुधा जाणवतही नसते. आणि एक कानमंत्र अतिदक्षता विभागात उपयोगी पडतो. कायद्याच्या नजरेने उपचार सुरू न करणं आणि सुरू केलेला थांबवणं सारखंच. माणसाच्या मनाला ते कधीच सारखं वाटत नाही. लावलेलं काढा, असं तोंडातून निघत नाही. म्हणून यंत्र लावायच्या आधीच डॉक्टरला विचारावं: कशासाठी लावताय, आणि किती दिवसांनी आपण पुन्हा बसून बोलायचं? तीन दिवस, पाच दिवस, काय ते ठरवून घ्यावं. चांगला डॉक्टर या प्रश्नाने सुटकेचा श्वास सोडतो.

दिवाळीला पुण्याचे, इंदूरचे, न्यू जर्सीचे सगळे घरी येतात. सणासुदीचं अभद्र बोलू नये, हे मलाही शिकवलेलं आहे. पण वर्षात सगळे एका छताखाली जमतात ते तेव्हाच, आणि पुढचं जमणं बहुतेक रुग्णालयाच्या जिन्यात. अप्पांनी भाऊबीजेच्या दुपारी, जेवणं उरकून सगळे लोडाला टेकले असताना, सांगावं की मी एक कागद करतोय आणि त्यात नाव थोरल्या सुनेचं लिहितोय. मुलग्यांचे चेहरे उतरतील. रक्ताचं नातं सोडून? जावई मोबाइलमध्ये डोकं घालतील. होऊ द्यावं. तो उतरलेला चेहरा आज परवडतो.

नोटरी कोर्टाच्या आवारात बसतो, तो मिळकतीचंच मृत्युपत्र समजून मसुदा काढेल. त्याला सांगावं लागेल. मसुदा हिंदीत आणि मराठीत दोन्ही करून घ्यावा, पेशंट कोणत्या राज्यात जाईल ते आज ठाऊक नाही. महापालिकेतला बाबू कागद उलटसुलट करून हा आमच्या खात्याचा नाही म्हणेल. तिथे हट्टाने आवक विभागात देऊन पोच घ्यावी. एक फोटो प्रत्येक मुलाच्या फोनमध्ये, एक प्रत आयुष्मान कार्डाच्या पाकिटात. हे सगळं एका दिवसाचं काम आहे.

राहता राहिली सून. तिला आधी विचारायला हवं, आणि ती नाही म्हणण्याची शक्यता बरीच आहे. “माझ्यावर नका टाकू हे, उद्या सगळे मलाच म्हणतील.” तिचं बरोबर आहे. ज्या घरात भाजी कोणती करायची हेही तिला विचारून ठरत नाही, तिथे एकदम एवढं का द्यायचं तिच्या हातात? अप्पांनी तिला पटवायला बसू नये. मुलग्यांना समोर बसवून त्यांच्या तोंडून वदवून घ्यावं की ती जे ठरवेल ते आम्हाला मान्य, नंतर एक शब्द काढणार नाही. दोघांनी तसं लिहून खाली सही केली तर फार उत्तम. त्यानंतरही ती नाही म्हणाली तर दुसरं नाव शोधावं.